हवेतून येणारी अचूक वेळ

आकाशवाणीवर बातम्यांपूर्वी वाजणाऱ्या ठोक्यांवर घड्याळ लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. परंतु निव्वळ वेळ कळविण्यासाठीही काही केंद्रे रेडिओलहरी सोडतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रशियाच्या ‘बीटा’ केंद्रांचे संकेत २५ किलोहर्ट्झच्या आसपास असतात. त्यांपैकी एक केंद्र किरगिझस्तानात बिश्केकजवळ, म्हणजे पालघरच्या जवळजवळ सरळ उत्तरेस, सुमारे २,६०० किलोमीटरवर आहे. या लहरीची लांबी १२ किलोमीटर! जमीन आणि वरचा विद्युत्‌भारित थर यांच्यामधून वाट काढीत ती सुमारे ९ सहस्रांश सेकंदांत आपल्यापर्यंत पोहोचते.

ती पकडणारा संच घरी करता येतो. मी एक मीटर बाजूच्या लाकडी चौकटीवर एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे ५० वेढे घेतले. त्यांना सुमारे साडेचार हजार पिकोफॅरडचा कंडेन्सर जोडला की चौकट २५ किलोहर्ट्झला जुळते. ही कंपने कानाला ऐकू येत नाहीत. म्हणून ३.०७२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला ‘सीडी ४०६०’ या आयसीने १२८ ने भागून २४ किलोहर्ट्झ मिळविले. दोन्ही एकत्र मिसळून अँप्लिफायरला दिली की फरकाचा, म्हणजे एक किलोहर्ट्झचा, स्वर हेडफोनमध्ये उमटतो.

खरी अडचण पुढेच आहे. बोईसर-तारापूरसारख्या कारखानदारीच्या भागात घरघरीखेरीज काहीच ऐकू येत नाही. मोटारी, उच्चदाब वाहिन्या, रेल्वेची तार, घरोघरचे एलईडी दिवे, सर्वांचाच त्यात वाटा असतो. हे दुखणे नवे नव्हे. मुंबईत विजेच्या ट्रामी येणार म्हणून कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय निरीक्षणांसाठी १९०४ साली अलिबागची वेधशाळा उभारावी लागली होती.

आपल्याला इतके दूर जावे लागत नाही. उपाय चौकटीतच आहे. चौकट ज्या दिशेला रोखलेली असते तिकडची लहर तिला जोरात मिळते. काटकोनातून येणारी जवळजवळ मिळत नाही. शिरगावच्या किनाऱ्यावर गाव, रेल्वे व वाहिन्या पूर्वेला राहतात आणि पश्चिमेला नुसता समुद्र. तेथे चौकट दक्षिणोत्तर उभी केली की पूर्वेचा गोंगाट मंदावतो आणि उत्तरेच्या टिकटिकीला वाट मिळते. मात्र हे संकेत ठराविक वेळांनाच असतात, आणि पावसाळ्यात आकाशातील विजा फार कडकडतात.

ज्यांना हा उद्योग करून पाहावयाचा आहे त्यांनी आधी चौकट घेऊन गावभर हिंडावे. संच दोन रविवारांत तयार होतो. शांत जागा मात्र शोधावी लागते.