तंत्रशिक्षणाची शिष्यवृत्ती : पात्रता प्रवेशाआधीच ठरते

दहावीनंतर तंत्रशिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे महाराष्ट्रात तीन वाटा असतात : औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे आयटीआय, तंत्रनिकेतनातील पदविका म्हणजे डिप्लोमा, आणि बारावी किंवा डिप्लोमानंतर अभियांत्रिकीची पदवी. तिन्ही वाटांवर शुल्कमाफी, शुल्क प्रतिपूर्ती, निर्वाह भत्ता आणि शिष्यवृत्ती यांच्या योजना आहेत. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावातून शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी केज, अंबाजोगाई आणि बीड ही जवळची ठिकाणे. बीड आणि अंबाजोगाईला शासकीय तंत्रनिकेतने आहेत, अंबाजोगाईत अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. कोरडवाहू शेती आणि ऊसतोड यांवर चालणाऱ्या घरांत ही मदत मिळते की नाही, यावर शिक्षण पुढे जाणार की थांबणार हे अनेकदा ठरते.

शिष्यवृत्ती म्हणजे प्रवेशानंतर भरायचा एक अर्ज, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात पात्रतेचा बराचसा निकाल प्रवेश घेतानाच लागलेला असतो. प्रवेश कोणत्या फेरीतून झाला, कोणत्या प्रवर्गातून झाला, संस्था कोणत्या प्रकारची आहे आणि त्या दिवशी हातात कोणते दाखले होते, यावर पुढची सगळी वर्षे अवलंबून राहतात.

प्रवेशाचा मार्ग

पदवीचे प्रवेश राज्य सीईटी कक्ष करतो, पदविकेचे तंत्रशिक्षण संचालनालय आणि आयटीआयचे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. शुल्कात सवलत देणाऱ्या बहुतेक योजनांची पहिली अट म्हणजे प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप राउंड'मधून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत लागू होत नाही, मग घरचे उत्पन्न कितीही कमी असो. खासगी आणि अभिमत विद्यापीठेही यातील मुख्य योजनांच्या बाहेर राहतात. 'जागा पक्की आहे, फेरीची वाट कशाला बघता' असे सांगणाऱ्या एजंटाचे ऐकून थेट प्रवेश घेणारे कुटुंब हा हक्क पहिल्याच दिवशी गमावून बसते.

कॅपमध्येच 'टीएफडब्ल्यूएस' नावाचा एक पर्याय असतो. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा गुणवत्तेने भरतात आणि त्या जागांवर शिक्षण शुल्क, म्हणजे ट्यूशन फी, पूर्ण माफ असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असावे लागते. जातीची अट नाही. मात्र पर्याय भरतानाच ही जागा वेगळ्या सांकेतिक क्रमांकाने निवडावी लागते आणि नंतर संस्था किंवा शाखा बदलता येत नाही. प्रवेशानंतर ही सवलत मागून मिळत नाही.

प्रवर्ग आणि उत्पन्न

खुल्या प्रवर्गासाठी, तसेच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि मराठा समाजाचा एसईबीसी प्रवर्ग यांच्यासाठी मुख्य योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. बोलण्यात अजूनही तिला 'ईबीसी' म्हणतात. उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये, विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी, आणि कुटुंबातील पहिल्या दोनच अपत्यांना लाभ, या तिच्या ठळक अटी. मुलांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांच्या निम्मी रक्कम मिळते.

इतर मागास वर्गातील मुलांनाही शुल्काच्या निम्मीच प्रतिपूर्ती मिळते. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण मिळते. बीड जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेला वंजारी समाज भटक्या जमातीच्या 'ड' गटात येतो, धनगर समाज 'क' गटात.

अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही सर्वांत जुनी योजना, १९४४ पासूनची. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शुल्क आणि निर्वाहासाठीची रक्कम असे दोन्ही मिळते. अडीच लाखांवर उत्पन्न गेले म्हणून दार बंद होत नाही, राज्याच्या 'फ्रीशिप' योजनेत शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळते, फक्त निर्वाहाची रक्कम मिळत नाही. अनुसूचित जमातींसाठी अशाच योजना आदिवासी विकास विभागाकडे आहेत. मुस्लिम, बौद्ध, जैन, ख्रिश्चन आदी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उच्च व व्यावसायिक शिक्षणाची वेगळी राज्य शिष्यवृत्ती आहे.

मुलींच्या बाबतीत चित्र २०२४-२५ पासून बदलले. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागास वर्ग या गटांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क ५० ऐवजी १०० टक्के मिळू लागले. ज्यांचे शिक्षण आधीच सुरू होते त्या मुलींनाही उरलेल्या वर्षांसाठी तो लाभ लागू झाला. कॅपची अट मात्र इथेही कायम आहे.

एकाच वर्गातील हिशोब

फरक समजण्यासाठी एक काल्पनिक हिशोब मांडता येतो. विनाअनुदानित महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क ८०,००० रुपये आणि विकास व इतर शुल्क ८,००० रुपये, असे एकूण ८८,००० धरू. सगळ्यांच्या घरचे उत्पन्न ३ लाख. कॅपमधून आलेल्या खुल्या किंवा इतर मागास वर्गातील मुलाला ४०,००० रुपये परत मिळतील, खिशातून जातील ४८,०००. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक किंवा इतर मागास वर्गातील मुलीला दाखले पूर्ण असल्यास ८,००० रुपयेच भरावे लागतील. भटक्या जमातीतील मुलालाही ८,०००, आणि टीएफडब्ल्यूएसची जागा मिळालेल्यालाही ८,०००. व्यवस्थापन कोट्यातून आलेल्याला मात्र पूर्ण ८८,०००. बाक एक, प्राध्यापक एक, पण चार वर्षांत घरावर पडणारा बोजा ३२ हजारांपासून साडेतीन लाखांपर्यंत. 'मोफत शिक्षण' या शब्दात विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके धरलेली नसतात, हेही या हिशोबातून दिसते.

राहण्या-जेवणाची सोय

गावातून रोज एसटीने जाणे जमत नसेल तर फीपेक्षा खोलीभाडे आणि मेस जड जाते. त्यासाठी प्रवर्गानुसार वेगळ्या योजना आहेत. राजर्षी शाहू योजनेस पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुराच्या पाल्याला तिचा विशेष लाभ मिळतो, आणि शुल्क शिष्यवृत्तीसोबत ती घेता येते.

शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना चालते. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. लहान शहरांसाठी दर कमी आहेत. विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तिथला रहिवासी नसावा, ही तिची महत्त्वाची अट. इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिथे प्रत्येक जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा असल्याने गुणांना महत्त्व येते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० जणांची, असा तिचा आराखडा आहे. पहिल्या टप्प्यात केज तालुक्याचा समावेश होता.

देशपातळीवरील आणि मंडळांच्या योजना

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, मुलींसाठी 'प्रगती' शिष्यवृत्ती देते. रक्कम वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नमर्यादा ८ लाख, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत. परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत डिप्लोमा किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला, अथवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला त्याच वर्षी अर्ज करावा लागतो. डिप्लोमासाठी दहावीचे आणि पदवीसाठी बारावीचे गुण पाहिले जातात. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी 'सक्षम' आणि अनाथ मुलांसाठी 'स्वनाथ' या तिच्याच जोडीच्या शिष्यवृत्ती आहेत. यांचे अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर नसून नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात.

आई किंवा वडील बांधकाम मजूर असतील आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्यांची नोंदणी चालू असेल, तर अभियांत्रिकी पदवीसाठी वर्षाला ६०,००० आणि पदविकेसाठी २०,००० रुपये मिळतात. नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. नोंदणी करणे किंवा तिचे नूतनीकरण वेळेवर करणे राहून जाते आणि मुलाचा हक्क तिथेच अडतो.

आयटीआयचे शासकीय शुल्क मुळात कमी असते. तिथल्या पात्र विद्यार्थ्यांना अनेक वर्षे महिन्याला अवघे ४० रुपये विद्यावेतन मिळत होते. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते ५०० रुपये केले.

दाखल्यांचे वेळापत्रक

लागणारे कागद सगळ्यांच्या ओळखीचे : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास म्हणजे डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, शिधापत्रिका, कॅपचे वाटपपत्र आणि फीची पावती. शिक्षणात खंड असल्यास त्याचे शपथपत्र. यांतील प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला सेतू किंवा 'आपले सरकार' केंद्रातून, तलाठ्याच्या अहवालावरून निघतो. उत्पन्न आणि नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून जुना दाखला चालेल असे गृहीत धरता येत नाही. सर्वांत वेळखाऊ असते जात वैधता. तिची फाइल जिल्हा जात पडताळणी समितीकडे जाते आणि वडील, आजोबा यांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यांसारखे जुने पुरावे लागतात. म्हणून बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत हा अर्ज करणे योग्य.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत याला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावरच गावी परततात. अर्जातील त्रुटी काढून तो परत पाठवला जातो तो नेमका याच काळात. त्यामुळे पालकांच्या सह्या, शपथपत्रे आणि मूळ कागद गाव सोडण्याआधीच एका फाइलमध्ये विद्यार्थ्याच्या हाती असणे गरजेचे ठरते.

अर्जापासून खात्यापर्यंत

राज्याच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने भरतात. तो आधी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे आणि प्राचार्यांकडे, मग संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो, मंजुरीनंतर देयक निघते. अर्ज 'सेंड बॅक' झाला, तर मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. तो नाकारला गेला असे समजून सोडून देणे ही नेहमीची चूक. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, त्यासाठी हजेरी आणि पुढच्या वर्षात बढती या अटी असतात.

पैसे बँकेचा खाते क्रमांक पाहून येत नाहीत, तर आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. एका आधार क्रमांकाची अशी जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते. दुसऱ्या एखाद्या कामासाठी नवे खाते उघडताना जोडणी तिकडे सरकली, तर शिष्यवृत्ती त्या खात्यात जाते आणि विद्यार्थी जुने पासबुक घेऊन हेलपाटे घालतो. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातील शुल्काची रक्कम सात दिवसांत संस्थेकडे भरणे अपेक्षित असते. ती घरखर्चात गेली, तर पुढे परीक्षा अर्जाच्या वेळी थकबाकी म्हणून समोर उभी राहते.

एकाच शुल्कासाठी दोन योजनांचा लाभ घेता येत नाही. म्हणून कोणती रक्कम फीची आणि कोणती निर्वाहाची हे पाहून, ज्यातून जास्त भरपाई होते ती योजना निवडावी. एवढे करूनही तूट राहिली, तर शैक्षणिक कर्ज उरते. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी, नॅक किंवा एनबीए मानांकित संस्थांतील तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावर शिक्षणकाळातील व्याज केंद्र सरकार भरते. मुद्दल मात्र फेडावेच लागते, त्यामुळे कर्जाची पाळी शिष्यवृत्तीच्या सगळ्या वाटा तपासून झाल्यावरच यावी. संस्था निवडताना तिच्या मानांकनाची आणि मान्यतेची चौकशी करण्याचे आणखी एक कारण हेच, आणि तीही पर्याय भरण्याच्या आधीच करावी लागते.