दह्यावाचून झणझणीत

माझ्या नातीला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे. दही, ताक, साय, चीज, सगळं वर्ज्य. तिखट मात्र तिला मनापासून आवडतं, आणि पानात काहीतरी कच्चं, करकरीत हवंच असतं. विकतच्या दाट ड्रेसिंगांमध्ये पुष्कळदा दही, चीज नाहीतर दुधाची पावडर असते. म्हणून आमच्याकडे सॅलडवर फेसलेली मोहरी आणि दाण्याचं कूट येतं.

दही कोशिंबिरीला आंबटपणा देतं, दाट करतं आणि मिरचीचा जोर उतरवतं. ते वगळलं की ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. आंबटपणाला लिंबू आहे, दाटपणाला कूट. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतं, त्यामुळे तेल आणि दाण्यांतली स्निग्धता तिखटाला आवर घालते. तरी दह्याच्या कोशिंबिरीपेक्षा एक मिरची कमीच घ्या.

आता मोहरी. 1 छोटा चमचा मोहरी खलात कोरडीच कुटा. मग 2 चमचे गार पाणी घालून फेस येईपर्यंत घोटा. अख्ख्या मोहरीला वास जवळजवळ नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं विकर जागं होतं आणि नाकात जाणारा तो झणका तयार होतो. पाणी गरम घेतलं तर विकर नष्ट होतं, मोहरी नुसती कडवट लागते. झाकून 10 मिनिटं ठेवा. झाकण काढल्यावर डोळ्यांत पाणी आलं, की मोहरी चढली. मग 2 मोठे चमचे लिंबाचा रस पिळा. आंबटामुळे विकराचं काम थंडावतं, म्हणून लिंबू आधी पिळायचं नाही.

त्यात 4 मोठे चमचे भाजलेल्या दाण्यांचं बारीक कूट, ठेचलेली 1 हिरवी मिरची, लसणाची एक पाकळी, मीठ, चिमूटभर साखर आणि 5-6 चमचे पाणी घाला. शेवटी 2 मोठे चमचे शेंगदाणा तेल थेंबाथेंबाने सोडत फेटत राहा. मोहरीच्या सालातला बुळबुळीत अंश तेल आणि पाणी एकजीव धरून ठेवतो. मिश्रण चमच्याच्या पाठीला चिकटून हळूहळू ओघळलं की झालं. थोड्या वेळाने कूट पाणी पिऊन घट्ट होतं, तेव्हा चमचाभर पाणी घालून सैल करा. दाणे चालत नसतील तर ओला नारळ गंधासारखा वाटून घ्या आणि तेलही शेंगदाण्याचं नको, दुसरं घ्या.

कोबी आणि मुळा मोहरीच्याच कुळातले, त्यामुळे त्यांच्यावर हे फार खुलतं. वाफवलेले मोड आलेले मूग, उकडलेलं बीट, गाजर यांच्याशीही छान जमतं. काकडीवर मात्र अगदी पानं घेताना घाला, नाहीतर मिठाने पाणी सुटतं. उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं.

अ‍ॅलर्जीत दुधाचा अंशही चालत नाही, तेव्हा वाटी, चमचा, खल आधी स्वच्छ धुऊन घ्या. आणि माझं मनापासून सांगणं असं, की पथ्याच्या माणसासाठी वेगळी वाटी बाजूला काढू नका. सगळ्या घरासाठी हेच करा. पंक्तीत एकट्याचं ताट वेगळं असणं मुलांना पदार्थ न मिळण्यापेक्षाही जास्त लागतं.