हिमाचे पाणी राखणारे गाव

युरोप खंडाच्या नैर्ऋत्य भागात स्पेन हा देश वसला आहे. त्याच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर अशी एक उत्तुंग पर्वतरांग आहे. तिचे नाव सिएरा नेवादा. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ ‘हिमाच्छादित पर्वतरांग’ असा होतो. मुलासेन हे तिचे सर्वोच्च शिखर सुमारे ३,४८० मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक. या रांगेच्या दक्षिण उतारावरील दऱ्याखोऱ्यांच्या मुलखाला आल्पुहार्रा असे म्हणतात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस या मुलखातील बुबियोन नावाच्या लहानशा गावी चार दिवस राहण्याचा योग मला आला. ग्रानादा या इतिहासप्रसिद्ध शहरापासून हे गाव सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावर आहे. मोटार डोंगरात शिरली की रस्ता नागमोडी वळणे घेत वर चढू लागतो. खाली ऑलिव्ह, बदाम आणि अंजीर यांची झाडे दिसतात. वर चेस्टनटची घनदाट छाया लागते. पोकेइरा नावाच्या खोल दरीच्या एकाच उतारावर तीन गावे एकावर एक वसली आहेत. सर्वांत खाली पाम्पानेइरा, मध्ये बुबियोन आणि वर कापिलेइरा. दुरून पाहावे, तर हिरव्या शालीवर कुणी तीन ठिकाणी मूठमूठ तांदूळ सांडले आहेत, असा भास होतो.

बुबियोन समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. लोकवस्ती जेमतेम तीनशेच्या आसपास. आयुष्यभर शाळेच्या घंटेवर चाललेल्या माझ्यासारख्या माणसाला तेथील शांतता पहिल्या दिवशी चमत्कारिकच वाटली. दुपारी गल्लीत एखादे मांजर ऊन खात पडलेले असे; कोठेतरी दूर शेळ्यांच्या गळ्यातील घंटा किणकिणत. रात्री तर तोही आवाज थांबला. तरीही कान देऊन ऐकले, तेव्हा एक बारीक, अखंड आवाज ऐकू आला. तो वाहत्या पाण्याचा होता. या भागात उन्हाळ्याचे दोन-तीन महिने जवळजवळ पाऊस पडत नाही. मग गावच्या झऱ्याला भर उन्हाळ्यातही पाणी कसे असते? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला त्या गावाचा सारा इतिहासच सापडला.

प्रथम तेथील घरांविषयी सांगतो. ती दगडी असून चुन्याने पांढरीशुभ्र रंगवलेली असतात. त्यांची छपरे उतरती नसून सपाट असतात. चेस्टनटच्या तुळया टाकून त्यांवर फळ्या किंवा बोरू पसरतात, त्यांवर पातळ दगडी चिपा बसवतात आणि सर्वांवर ‘लाउना’ नावाच्या करड्या मातीचा जाड थर देतात. ही माती ओली झाली की पाणी खाली झिरपू देत नाही. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे ज्यांनी माळवदाची घरे पाहिली असतील, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. आपल्याकडे पांढरी माती जे काम करते, तेच तेथे लाउना करते. डोंगराचा उतार तीव्र असल्यामुळे खालच्या घराचे छप्पर बहुधा वरच्या घराच्या पायरीपाशी येते. त्या छपरांवर अंजीर, मिरच्या, मका वाळत घालण्याची चाल होती. काही ठिकाणी गल्लीवरच घराची एखादी खोली बांधलेली असते आणि तिच्याखालून वाट जाते. तेथे हिवाळ्यात बर्फापासून आणि उन्हाळ्यात उन्हापासून आडोसा मिळतो.

अशी घरे स्पेनमध्ये इतरत्र फारशी आढळत नाहीत. मात्र समुद्रापलीकडे मोरोक्को देशातील ॲटलास पर्वतात ती आढळतात. याचे कारण इतिहासात आहे. इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून अरब आणि बर्बर लोक स्पेनमध्ये आले आणि पुढे दक्षिणेत त्यांची सत्ता अनेक शतके टिकली. १४९२ साली ग्रानादाचे शेवटचे मुसलमानी राज्य लयास गेले. पुढे तेथील मुसलमान प्रजेला ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागला. या लोकांना ‘मोरिस्को’ म्हणत. त्यांची भाषा, वेष व चालीरीती यांवरही बंदी आली, तेव्हा १५६८ साली आल्पुहार्रात त्यांनी मोठे बंड केले. १५७१ पर्यंत ते मोडून काढण्यात आले. ग्रानादा प्रांतातील मोरिस्को लोकांना घरादारातून उठवून दूरच्या प्रांतांत पाठवण्यात आले आणि १६०९ ते १६१४ या काळात त्यांना स्पेनमधूनच हद्दपार करण्यात आले. ओस पडलेल्या गावांत राजाने उत्तरेकडून नवे वसाहतकरी आणून बसवले. त्यांना डोंगरातील पाटांची व्यवस्था ठाऊक नव्हती. म्हणून ती शिकवण्यासाठी प्रत्येक गावी दोन मोरिस्को कुटुंबे ठेवली होती, अशी आख्यायिका तेथे सांगतात.

राज्य गेले, माणसे गेली. पण त्यांनी खोदलेले पाट राहिले आणि त्यांचे शब्दही राहिले. स्पॅनिश भाषेत पाटाला ‘आसेकिया’ म्हणतात. हा शब्द मूळ अरबी आहे. अरबांबरोबर ऊस, तांदूळ, नारिंगे अशी पूर्वेकडची पिकेही त्या देशात रुजली. म्हणूनच स्पॅनिश भाषेत साखरेला ‘आसुकार’ आणि नारिंगाला ‘नारांहा’ म्हणतात. संस्कृतातील ‘शर्करा’ आणि ‘नारंग’ हे शब्द इराणातून अरबस्तानात व तेथून स्पेनपर्यंत पोहोचले. परक्या देशात आपल्या घरचा शब्द भेटला, की प्रवाशाला जो आनंद होतो, तो काय वर्णावा!

आता त्या पाटांचे कार्य पाहू. हिवाळ्यात सिएरा नेवादाच्या माथ्यावर बर्फ साचतो. वसंत ऋतूत तो वितळू लागला, की पाणी वेगाने नद्यांत उतरते आणि तसेच सोडून दिले, तर थोड्याच दिवसांत समुद्राला मिळते. पिकांना पाण्याची खरी गरज मात्र त्यानंतर, जुलै-ऑगस्टच्या कडक उन्हात असते. मोठे धरण बांधण्याची साधने जुन्या लोकांपाशी नव्हती. त्यांनी एक वेगळीच युक्ती योजली. ओढ्यांच्या उगमाजवळून डोंगराच्या कुशीने अगदी मंद उताराचे पाट त्यांनी खोदले. या पाटांतून बर्फाचे पाणी उंचावरच्या अशा जागी नेऊन सोडत, की जेथील जमीन सच्छिद्र आहे. तेथे ते जमिनीत मुरे. डोंगराच्या पोटातून मंद गतीने झिरपत ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी खालच्या झऱ्यांत प्रकट होई. अशा रीतीने पर्वत हाच त्यांचा हौद झाला. त्या हौदाला ना भिंत, ना झाकण. शिवाय जमिनीखालचे पाणी उन्हाने आटण्याचे भयही नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे सूत्र आपण ऐकतो. या पर्वतवासीयांनी ते सुमारे हजार वर्षांपूर्वी आचरणात आणले होते.

खालच्या भागात दुसऱ्या प्रकारचे पाट आहेत. ते झऱ्यांचे व ओढ्यांचे पाणी पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांपर्यंत नेतात. प्रत्येक शेताची पाळी ठरलेली असते. या व्यवस्थेवर देखरेख करणारा एक माणूस शेतकऱ्यांनी नेमलेला असतो. तो म्हणजे तेथील पाटकरी. धुळे, नाशिककडील फड पद्धतीत जसे गावकरी आपापसांत नियम ठरवून बंधाऱ्याचे पाणी वाटून घेत, तसाच हा प्रकार. वर्षातून एकदा सर्वांनी मिळून पाटातील गाळ, दगड व झुडपे काढावयाची, हा तेथील जुना नियम. वरच्या शेतकऱ्याने आपल्यापुरता पाट स्वच्छ केला आणि खालच्याने कुचराई केली, तर पाणी त्याच्या खालच्या शेतांपर्यंत नीट पोहोचत नाही.

गावातील एका वृद्ध पाटकऱ्याबरोबर मी एके सकाळी डोंगरात गेलो. त्याला माझी भाषा येत नव्हती आणि मला त्याची; तेथील एक तरुण शिक्षक दुभाष्या म्हणून आमच्याबरोबर होता. वाटेत म्हाताऱ्याने फावड्याने चिखलाचा एक लहानसा बांध फोडला आणि पाण्याला वाट करून दिली. मी विचारले, की हा पाट मातीचा आहे, त्यातून पाणी गळते. तो सिमेंटने का बांधून काढीत नाहीत? तो हसला आणि त्याने खाली बोट दाखवले. पाटाच्या खालच्या अंगाला चेस्टनटचे वृक्ष, गवत आणि रानफुले यांची हिरवीगार पट्टी दूरवर गेली होती. पाटाच्या वरचा डोंगर मात्र रखरखीत होता. जे पाणी मला वाया गेलेले वाटत होते, त्यावर सारे रान जगत होते! चाळीस वर्षे मुलांना शिकवणाऱ्या मला त्या दिवशी एका शेतकऱ्याने धडा दिला.

परंतु या गोष्टीला एक दुःखाची बाजूही आहे. डोंगरउतारावरची शेती कष्टाची आणि तिचे उत्पन्न थोडे. १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत येथील असंख्य कुटुंबे कामधंद्यासाठी बार्सिलोना, माद्रिद यांसारख्या शहरांत आणि फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड या देशांत निघून गेली. स्पेनच्या अंतर्भागातील शेकडो गावांची हीच कथा आहे. ३१ मार्च २०१९ रोजी अशा गावांतील हजारो लोकांनी राजधानी माद्रिदमध्ये मोर्चा काढून आपले गाऱ्हाणे मांडले. माणसे गेली, की पाट बुजतात. पाट बुजले, की झरे आटतात. आणि झरे आटले, की उरलेली माणसेही निघून जातात. त्यातच पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे पर्वतावरचा बर्फही कमी होऊ लागला आहे. म्हणजे पाणी राखण्याची गरज वाढली आणि ते राखणारे हात मात्र कमी झाले.

तथापि, आशेला जागा आहे. २०१४ पासून ग्रानादा विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञांनी, विद्यार्थी, स्वयंसेवक आणि स्थानिक शेतकरी यांच्या साहाय्याने बुजलेले पाट मोकळे करण्याचे काम हाती घेतले आहे. कित्येक वर्षे कोरड्या पडलेल्या पाटांतून पुन्हा पाणी वाहू लागले आहे. या कामी ग्रंथांतील ज्ञानाइतकाच वृद्ध शेतकऱ्यांच्या स्मरणाचा उपयोग झाला. कारण पाट कोठून वळतो आणि पाणी कोठे मुरते, हे त्यांनाच ठाऊक होते.

गाव सोडण्याच्या आदल्या रात्री मी पुन्हा खिडकीपाशी बसलो. तोच बारीक आवाज येत होता. पहिल्या रात्री तो मला केवळ निसर्गाचा वाटला होता. आता त्यामागे मला फावड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. ज्यांनी पाट खोदले, त्यांना येथे राहू दिले गेले नाही. ज्यांनी पुढे ते राखले, त्यांतील अनेकांना पोटासाठी गाव सोडावे लागले. तरीही पाणी वाहत आहे. कारण प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी फावडे उचलले. मुलांनो, तुमच्याही गावी एखादा जुना पाट, बारव किंवा तळे असेल. ते कोणी बांधले, त्यात पाणी कोठून येते आणि त्यातील गाळ शेवटी कोणी काढला, हे गावातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारा. उद्या विचारावे म्हटले, तर सांगणारा कदाचित नसेल.