मुलांच्या घरात कुत्रा : जात कोणती निवडावी?

मुलांचे वय, घरातील जागा, फिरवण्यासाठी मिळणारा वेळ आणि कोल्हापूरचा मुसळधार पावसाळा या गोष्टींवर निवड ठरते.

लॅब्राडोर : खेळकर आणि शिकवायला सोपा. वजन 25 ते 36 किलो, त्यामुळे खेळताना लहान मूल पडू शकते. खादाड असल्याने रोज व्यायाम हवाच.

मुधोळ हाउंड : बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली शिकारी जात, 2005 मध्ये टपाल तिकिटावर आली. आखूड केसांमुळे ऊन सोसते. मात्र अनोळखी हात लागलेला तिला खपत नाही आणि पळणारे मांजर दिसले की ती मागे धावते. फ्लॅटपेक्षा कुंपण असलेल्या मळ्यातील घराला आणि जाणत्या मुलांना योग्य.

पग : मुलांत रमतो, पण चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात धापा टाकतो.

पॉमेरेनियन : कमी जागेत राहतो, ओढाताण झाली तर चावतो.

गावठी : इथल्या हवेला सरावलेला, काटक. पिल्लू असल्यापासून माणसांची सवय लावली तर मुलांशी चांगले जमते.

हस्की, सेंट बर्नार्ड : थंड प्रदेशातील जाती, इथे टाळाव्यात.

सर्वांसाठी : पिल्लू 8 आठवड्यांचे होण्याआधी आईपासून वेगळे करू नये. रेबीजची पहिली लस साधारण 3 महिन्यांचे झाल्यावर, पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला छेडू नये, हे मुलांना शिकवावे. लहान मुलाला कुत्र्यासोबत एकटे ठेवू नये. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.