विश्लेषण : गाडी आबांच्या नावावर, किल्ली सगळ्यांकडे… एकत्र कुटुंबातली जुनी वाहने रस्त्यावर कशी टिकतील?

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात, अमळनेर-चोपड्याच्या कपाशीच्या गावांत किंवा शिरपूर-शिंदखेड्याकडे एकत्र कुटुंबाच्या घरासमोर तीन-चार गाड्या उभ्या दिसणे नवलाचे नाही. शेतावर जाणारी बोलेरो, लग्नकार्याला निघणारी जुनी सुमो, शहरातल्या मुलाने वापरून गावी पाठवलेली स्विफ्ट आणि कोपऱ्यात एखादी मारुती ८००. यातली बरीच वाहने पंधरा वर्षांची झाली आहेत किंवा होत आली आहेत. वाढलेले नूतनीकरण शुल्क, उच्च सुरक्षा नोंदणी पाटी आणि २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल यांमुळे अलीकडे या वाहनांचा हिशेबच बदलला आहे. मात्र जुनी गाडी दारात अडकून पडते ती बहुतेकदा वयामुळे नव्हे. ती घरातल्या सगळ्यांची असते, पण तिची जबाबदारी कोणा एकावर नसते.

पंधरा वर्षांनी गाडी भंगारात काढावीच लागते का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. गाडी तपासणीत योग्य ठरली पाहिजे, एवढीच अट. गैरसमज दोन कारणांनी पसरला. पहिले म्हणजे, दिल्ली आणि परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर आलेले निर्बंध. ते त्या भागापुरते आहेत आणि न्यायालयात त्यांचे स्वरूपही पुढे बदलत गेले. दुसरे म्हणजे, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा निर्णय. तो सरकारी खाती, महामंडळे आणि सार्वजनिक परिवहन उपक्रमांच्या वाहनांना लागू आहे. एमएच-१९ (जळगाव) किंवा एमएच-१८ (धुळे) क्रमांकाची घरची गाडी वीस वर्षांची असली तरी कागदपत्रे आणि तब्येत ठीक असल्यास कायद्याने रस्त्यावर चालू शकते.

जुनी गाडी ठेवण्याचा सरकारी खर्च किती?

एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार आणि दुचाकींसाठी २ हजार रुपये केले. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर, तपासणी आणि स्मार्ट कार्डाचे शुल्क वेगळे. नेमकी रक्कम परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून पाहता येते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी लागते. चारचाकीसाठी तिचा दर ७४५ रुपये आणि जीएसटी असा ठरवण्यात आला. प्रदूषण तपासणी प्रमाणपत्र (पीयूसी) बीएस-४ आणि त्यानंतरच्या वाहनांना वर्षभर चालते. त्याआधीच्या वाहनांना मात्र ते दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते.

खरा फटका बसतो तो विसरण्याचा. नोंदणीची मुदत उलटल्यावर मोटारीला दर महिना ५०० रुपये विलंब शुल्क लागते. तीन वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, तर हा भुर्दंडच १८ हजारांवर जातो. कोपऱ्यातल्या मारुती ८०० ची बाजारात तेवढी किंमतही येईल की नाही, हा प्रश्न आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी ६० दिवस आधीपासून करता येतो.

फक्त थर्ड पार्टी विमा काढला तर काय बिघडते?

जुन्या गाडीचा विमा स्वस्तात उरकण्याकडे कल असतो. तृतीय पक्ष म्हणजे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा त्याचा वार्षिक हप्ता आहे. जीएसटी वेगळा. म्हणजे अडीच लिटर इंजिनाच्या जुन्या बोलेरोचा हप्ता मारुती ८०० च्या जवळपास चौपट पडतो.

या विम्यातून समोरच्या माणसाची भरपाई मिळते. गाडीत बसलेल्या घरच्या माणसांची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मधील एका निकालात हा फरक स्पष्ट केला: खासगी गाडीतील प्रवाशांना पॅकेज म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसीत संरक्षण मिळते, निव्वळ कायद्यापुरत्या पॉलिसीत मिळत नाही. आखाजीला लेकीबाळींना माहेरी आणणारी, कानबाईच्या रोटांना भाऊबंदांना घेऊन जाणारी गाडी नेमकी माणसांनी भरलेली असते. एवढी माणसे ज्या गाडीत बसतात, तिची पॉलिसी पॅकेज आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरी मेख वैयक्तिक अपघात संरक्षणाची. १५ लाखांचे मालक-चालक संरक्षण फक्त नोंदणीकृत मालकाला आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच मिळते. गाडी परवाना नसलेल्या ८० वर्षांच्या आबांच्या नावावर आणि चालवणारे पुतणे, अशी व्यवस्था असेल तर या संरक्षणाचा उपयोग ना आबांना, ना पुतण्यांना. त्यामुळे गाडी सर्वाधिक चालवणाऱ्याच्या नावावर करणे किंवा इतर चालक आणि प्रवाशांसाठी जादा संरक्षण घेणे शहाणपणाचे. लग्नसराईत घरची गाडी भाड्याने देणे तर आणखी जोखमीचे. खासगी नोंदणीच्या वाहनाचा व्यावसायिक वापर झाल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. मुदत संपलेल्या नोंदणीचेही तसेच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोरीला गेलेल्या एका नव्या गाडीचा दावा अमान्य ठरवला, कारण चोरीच्या दिवशी तिची तात्पुरती नोंदणी संपलेली होती.

अपघात झाला आणि विमा नसला तर?

जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम भरली नाही, तर कलम १७४ नुसार ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येते. शेतकरी कुटुंबाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. चाळीस हजारांच्या गाडीपायी सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो.

विकलेल्या गाडीलाही हेच लागू आहे. स्टॅम्प पेपरवर सही घेऊन गाडी बऱ्हाणपूर, सेंधवा किंवा सुरतेकडे गेली आणि आरसीवरचे नाव बदलले नाही, तर पुढच्या मालकाने केलेल्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. कागदोपत्री ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठामपणे म्हटले आहे. राज्याबाहेर गाडी देताना आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि हस्तांतराचे अर्ज पूर्ण होईपर्यंत व्यवहार संपला असे धरू नये.

ज्यांच्या नावावर गाडी, ते गेल्यास?

शेताच्या वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे धावणारे कुटुंब गाडीची वारसनोंद मात्र वर्षानुवर्षे करत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ नुसार मालकाच्या मृत्यूची माहिती ३० दिवसांत आरटीओला दिल्यास वारसाला तीन महिने गाडी वापरता येते. त्या काळात फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. विमा पॉलिसीही मृत्यूनंतर तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांतील जे आधी असेल तोवरच चालते. उशीर झाला की सर्व वारसांच्या संमतीचे कागद गोळा करावे लागतात. एक भाऊ पुण्यात, बहीण सुरतेला, तर त्यात महिने जातात. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव नोंदवण्याची सोय झाली आहे. हयातीतच ते काम केले तर पुढचा व्याप वाचतो.

खान्देशात गाडी नेमकी कशाने बंद पडते?

उष्णतेने. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि आखाजी, लग्नसराई याच दिवसांत येते. एरवी उभी असलेली गाडी वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात, माणसे आणि सामान भरून, चाळीसगावजवळचा कन्नड घाट चढायला निघते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी ओतलेले असते. त्याचे क्षार नळ्यांत साचतात. बाहेरून धूळ आणि कपाशीचे तंतू रेडिएटरची जाळी बुजवतात. मग हेड गॅस्केट उडते. रेडिएटरचे झाकण, होज, फॅनचा पट्टा, कूलंट हे काही शे ते दोन-तीन हजारांचे काम टाळले की इंजिन उघडण्याचा खर्च वीस-पंचवीस हजारांवर जातो. गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणे हा रस्त्यावरचा तोडगा, उपाय नव्हे. रेडिएटर तुंबलेला असेल तर घाटात तो कामी येत नाही आणि थंडीत इंजिन नीट तापत नसल्याने इंधन जास्त जाते.

उभ्या गाडीचे दुखणे निराळे. उंदीर आणि खारी वायरिंग कुरतडतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, बॅटरी उतरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी कमी चालली तरी ते दोन वर्षांनी बदलावे लागते. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे होते. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक त्याचे वय सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तापलेल्या महामार्गावर भरलेल्या गाडीचा जुना टायर फुटणे हा मोठा धोका आहे. आठवड्यातून एकदा गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणणे, हा स्वस्तातला इलाज.

इथेनॉलचे पेट्रोल आणि गॅस किट जुन्या गाडीला चालते का?

एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनलेल्या नाहीत. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंधनाच्या नळ्या दर सर्व्हिसिंगला तपासून घ्याव्यात. पेट्रोलचा वास येऊ लागला तर गाडी तिथेच थांबवावी. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी जुन्या पेट्रोलने भरून ठेवू नये.

पेट्रोल परवडत नाही म्हणून गॅस किट बसवणाऱ्यांनी त्याची नोंद आरसीवर करावी आणि अधिकृत पंपावरच गॅस भरावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात घरगुती सिलिंडरमधून ओमनीत बेकायदा गॅस भरताना स्फोट झाला. प्रवासाला निघालेली माणसे त्यात होरपळली आणि काहींचा पुढे मृत्यू झाला. वाचणारे पैसे आणि ही जोखीम यांची तुलनाच होऊ शकत नाही.

कोणती गाडी ठेवावी, कोणती काढावी?

निकष सुट्या भागांचा. २०१४ मध्ये विक्री थांबलेल्या मारुती ८०० चे किंवा जुन्या बोलेरोचे भाग अजून सहज मिळतात आणि गावातला मेकॅनिकही त्या उघडू शकतो. सुमंत मूळगावकरांच्या नावावरून ओळख मिळालेल्या सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी तिचे जाणकार खान्देशात पुष्कळ आहेत. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातील विक्री बंद केली. टवेरासारख्या गाड्यांचे इंजिनाचे भाग मिळतात, पण काच, दिवे, बॉडीचे पत्रे शोधताना दमछाक होते. चॅसी गंजली असेल किंवा वर्षभराचा दुरुस्तीखर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला असेल, तर मोह सोडावा. अशी गाडी भंगारवाल्याला तशीच न देता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. तिथून मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी वाहनाच्या करात केंद्राच्या नियमांनुसार २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. प्रत्यक्ष दर राज्य ठरवते. नोंदणी रद्द झाल्याचा कागदही हाती राहतो.

उरलेल्या गाड्यांसाठी घरातल्या एकाला कारभारी नेमणे आणि एक वही घालणे, एवढे पुरेसे असते. प्रत्येक गाडीच्या पानावर नोंदणी, विमा आणि पीयूसीच्या तारखा, टायर-बॅटरीचे साल आणि शेवटचे कूलंट कधी भरले ते लिहावे. जो गाडी नेईल त्याने किलोमीटर आणि आढळलेला बिघाड टिपावा. खर्चासाठी प्रत्येक कर्त्याने हंगामाला ठरावीक रक्कम काढावी. केळीचे किंवा कापसाचे पैसे आले की बियाण्याची उधारी फेडली जाते, तशी गाड्यांचीही वाटणी बाजूला पडावी. आणि वही तपासण्याचा दिवस आखाजीच्या महिनाभर आधीचा असावा. घाटात बोनेट उघडून उभे राहण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडते.