गिअरबॉक्स खाली उतरवण्यापूर्वी

आपल्यातील कितीतरी घरांची चूल ट्रक-टेम्पोच्या चाकावर चालते. कोणी कर्ज काढून जुनी गाडी घेतलेली असते, कोणी मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर, तर कोणी क्लीनर. अशी जुनी गाडी चालता चालता एकाएकी ओढायची थांबली, म्हणजे गिअर पडतो, इंजिन चालते, पण गाडी जागची हलत नाही, तर काय करावे? आम्ही कारकून माणूस. बी.कॉम. झालो आणि सारे आयुष्य खतावणीत गेले, स्टेअरिंगला कधी हात लावला नाही. तरीही या विषयावर लिहीत आहोत, कारण एका रात्री आमच्या घरावर पन्नास हजारांची धाड येता येता राहिली.

गोष्ट 2019 सालच्या दिवाळीआधीची. आमच्या धाकट्या बंधूंची 2008 सालची सहाचाकी गाडी कापडाच्या गाठी भरून भिवंडीहून नाशिककडे निघाली होती. कसारा घाटात पुढे गाड्या अडल्या म्हणून चढावर उभे राहावे लागले. रांग हलली, बंधूंनी पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि मागून "टक्" असा आवाज आला. पुढे काही नाही. इंजिन मोकळे गुरगुरते, गाडी मात्र मागे सरकू लागली. ब्रेक दाबून धरला आणि क्लीनरने धावत जाऊन चाकांखाली दगड लावले, म्हणून निभावले.

रस्त्यावरचा एक मिस्त्री आला. त्याने गाडीखाली वाकूनही पाहिले नाही. गिअरचा दांडा दोनदा हलवला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. टोचन करून गॅरेजला न्यावी लागेल. पन्नास हजार धरून चला, वीस आत्ता द्या."

रात्री साडेनऊला बंधूंचा फोन आला तेव्हा भावजय आमच्याच घरी होती. गाडीचा हिशेब तीच ठेवते. डिझेल, टोल, हप्ता, पोरीची फी, सगळे एका वहीत. महिन्याचा हप्ता चार दिवसांवर आला होता. ती म्हणाली, "दादा, बचत गटातून उचल मिळंल. पण गिअरबॉक्सच गेला हे बघितलं कुणी?"

प्रश्न बिनतोड होता. ताळेबंद जुळला नाही तर आम्ही सगळ्या वह्या फाडत नाही. व्हाउचरपासून एकेक नोंद तपासत पुढे जातो, आणि जिथे आकडा तुटला तिथे थांबतो. आमच्या शेजारी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना उठवले. जयभीम घालून फोन त्यांच्या कानाला लावला आणि आम्ही बाजूला उभे राहिलो.

काकांनी आधी विचारले, क्लचचा पेडल पायाला कसा लागतो? नेहमीसारखा. गिअर पडताना कचकच? नाही. सगळे गिअर पडतात? पडतात. मग म्हणाले, "बाबा, पार्किंग ब्रेक ओढ. दगड आहेत तसेच राहू दे. खाली कुणी घुसायचं नाही. पहिला गिअर टाकून क्लच हळू हळू सोड, आणि पोराला बॅटरी घेऊन बाजूला लांब उभं कर. मधला शाफ्ट फिरतो का तेवढं बघायचं."

शाफ्ट फिरत होता. चाके मात्र स्थिर.

काका हसले. "गिअरबॉक्सला कुणाला हात लावू देऊ नकोस. मागं एक्सल तुटलाय."

याचे कारण त्यांनी आम्हाला नंतर चहा पिता पिता समजावले. इंजिनची ताकद क्लचमधून गिअरबॉक्सला, तिथून लांब शाफ्टने मागच्या डिफरन्शियलला, आणि तिथून दोन्ही बाजूंच्या एक्सलने चाकांना जाते. शाफ्ट फिरतो याचा अर्थ ताकद गिअरबॉक्समधून बाहेर पडली. तिथपर्यंतचा हिशेब बरोबर आहे, दोष त्याच्या मागे. दोन एक्सलपैकी एकच तुटला तरी गाडी का थांबते, हे आम्हाला कळेना. डिफरन्शियलचे कामच असे, की वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरू द्यावे. त्यामुळे एक बाजू मोकळी झाली की सगळा फिरा त्या मोकळ्या बाजूलाच निघून जातो. धड बाजूचे चाक बसून राहते.

यातला धोका ध्यानात घ्यावा. एक्सल तुटलेली गाडी गिअरमध्ये ठेवली तरी थांबत नाही. उतारावर "गिअर टाकून ठेवलाय" म्हणून विसंबलात तर ती सरळ निघून जाईल. दगड आणि ब्रेक, यांचाच भरवसा.

मोठ्या ट्रकचा भार हब आणि हौजिंगवर असतो, एक्सल फक्त फिरवण्याचे काम करतो. म्हणून तो तुटला तरी चाक निखळत नाही, आणि तो काढायला चाकही उतरवावे लागत नाही. हबच्या तोंडावरचे बोल्ट सोडले की एक्सल बाहेर ओढता येतो. सकाळी कसाऱ्याहून दुसरा मिस्त्री आणला. डावीकडचा एक्सल हातभर कमी निघाला. आत राहिलेला तुकडा त्याने तारेचा फास करून ओढला, तेलात लोखंडाचे कण आहेत का ते पाहिले आणि नवा एक्सल बसवला. मजुरी, एक्सल, तेल मिळून आठ हजारांच्या आत काम झाले. दुपारी गाडी इगतपुरीला होती.

शाफ्ट फिरला नसता तर? तेव्हाही गिअरबॉक्स लगेच दोषी ठरत नाही. पेडल पायाखाली ढिला पडला आणि गिअर कचकच करत पडेना, तर इंजिन बंद करून गिअर टाकून पाहावा. बंद इंजिनला सहज पडला तर क्लच सुटत नाही असे समजावे. ज्या गाडीचा क्लच तेलावर चालतो, तिथे डबीतले तेल संपले किंवा सिलेंडर गळू लागला की असे होते, आणि ही दुरुस्ती स्वस्तातली असते. इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र चढत नाही आणि जळका वास येतो, ही क्लच प्लेटची खूण. दांडा मोकळा लुळा हलत असेल तर वरची एखादी पिन किंवा बुश निघालेली असते. गिअरबॉक्स खरेच जातो तेव्हा बहुधा आधीपासून घरघरतो, एखादा गिअर उडवतो, तेलात चुरा सोडतो. आणि शाफ्टचा क्रॉस तुटला असेल तर शाफ्ट लोंबताना दिसतोच.

आमचे एक भाचे मस्कतला जुनी पिकअप चालवतात. तिला क्लचचा पेडलच नाही, ऑटोमॅटिक गिअर. आपल्या वस्त्यांतील बरीच मुले आखातात जातात, म्हणून तेही सांगतो. त्या गिअरबॉक्सचा जीव तेलात असतो. तेलाच्या दाबावरच तो काम करतो. गाडी एकाएकी पुढेही जाईना, मागेही जाईना, तर पहिले काम तेल पाहण्याचे. बहुतेक गाड्यांत ते इंजिन गरम आणि चालू ठेवून पाहतात, पण आपल्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते वाचावे. लाल तेल काळपट होऊन जळका वास आला तर आतल्या प्लेटा जळाल्या. तेल ठीक असेल तर दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची केबल निसटली का, हे पाहावे. भाच्यांच्या गाडीचे तेल ठीक, केबल ठीक, तरी गाडी हलेना. शेवटी कळले, चारही चाके जोडण्याचा जो वेगळा दांडा असतो तो कुणाचा तरी धक्का लागून मधोमध न्यूट्रलवर आला होता. गॅरेजवाल्याने एव्हाना नवीन गिअरबॉक्सची किंमत कागदावर लिहून ठेवली होती!

सगळेच मिस्त्री फसवतात असे आम्ही म्हणत नाही. कसाऱ्याच्या त्या दुसऱ्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिले, तुटलेला तुकडा हातात दिला आणि पैसे नंतर मागितले. पण "उघडल्याशिवाय कळत नाही" असे कोणी म्हटले तर आधी काय काय पाहिले ते विचारावे. उघडण्याची मजुरी वेगळी ठरवून घ्यावी आणि जुना भाग परत मागावा. ड्रायव्हर रात्री एकटा रस्त्यावर असतो, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, माल पोचवायचा असतो. अशा वेळी माणूस "हो" म्हणून जातो. घरच्या माणसाने फोनवर दोन प्रश्न विचारले तर त्याला थांबायला आधार मिळतो.

बंधूंना काकांनी वेगळे झापले. भरलेली गाडी चढावर उचलताना क्लच एकदम सोडला की सगळा हिसका एक्सलवर येतो, आणि त्या दिवशी गाठीही पासिंगपेक्षा जास्त होत्या. बंधूंनी मान खाली घातली. भावजयीने वहीत आठ हजारांच्या नोंदीपुढे "जादा माल" असे लिहिले. तो तुटका तुकडा तिने दाराशी ठेवला आहे, पावसाळ्यात दार आपटू नये म्हणून.