उशिराच्या जेवणाला भाज्यांचे ऑम्लेट

मुंबईहून लोकलने कर्जतला यायला सुमारे दोन तास लागतात. खोपोलीला त्याहून जास्त. घरी पोहोचेपर्यंत उशीर झालेला, स्वयंपाकाचा कंटाळा. मग स्टेशनवरच्या वडापाववरच भूक भागवली जाते. पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात. त्यावर भाज्यांचे ऑम्लेट हा दहा-पंधरा मिनिटांचा उपाय आहे.

एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. क जीवनसत्त्व आणि तंतू मात्र अंड्यात नसतात. ती उणीव टोमॅटो, सिमला मिरची, माठ, कोथिंबीर भरून काढतात. शिवाय पालेभाजीतले बीटा-कॅरोटीन शोषले जायला अंड्यातला आणि चीजमधला स्निग्धांश मदत करतो.

भाज्या बारीक चिरून आधी परताव्यात, म्हणजे पाणी आटते आणि ऑम्लेट पचपचीत होत नाही. मग दोन फेटलेली अंडी ओतून मंद आचेवर झाकण ठेवावे. साल्मोनेला जिवाणूंचा धोका टाळण्यासाठी अंडे पूर्ण घट्ट होऊ द्यावे. चीज शेवटी किसून घालावे. त्यात मीठ असतेच, म्हणून वरून चिमूटभरच पुरे. रक्तदाब असलेल्यांनी चीज वगळले तरी चालते. सोबत तांदळाची भाकरी असली की जेवण पूर्ण.